दोन पोरं, एक स्ट्रोलर आणि बिनगाडीचे अकरा दिवस

आमची गाडी दिवाळीच्या सुट्टीत गॅरेजला गेली. दोन दिवसांत देतो म्हणाले होते, अकरा दिवस लागले, पार्ट मुंबईहून येतोय, पार्ट आला पण चुकीचा आला, मग मेकॅनिक गावाला गेला, असलं सगळं. ते जाऊदे. सांगायचं हे की त्या अकरा दिवसांत मी, नवरा, साडेचार वर्षांची मनू आणि चौदा महिन्यांचा गोट्या असे चौघं पुण्यात मेट्रो, बस आणि रिक्षाने फिरलो आणि मला कळलं की आपल्या शहराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. कोथरूडमध्ये पंधरा वर्षं राहतीये बरंका.

पहिल्या दिवशी डोक्यात आलं ते तुमच्याही आलं असतं, अ‍ॅक्टिवा आहे की. मनू पुढे उभी, गोट्या माझ्या मांडीवर मध्ये, झालं. आम्ही पेट्रोल पंपापर्यंत तसे गेलो पण, खोटं कशाला बोलू. तिथे नवऱ्याच्या डोक्यात काय आलं माहीत नाही, त्याने फोनवर नियम वाचून दाखवायला सुरुवात केली. चार वर्षांवरचं मूल टूव्हीलरवर पूर्ण सवारी धरतात, म्हणजे मनू धरून आम्ही तीनच जण ट्रिपल सीट, गोट्या वेगळाच. आणि चार वर्षांखालच्यांसाठी मोठ्या माणसाला बांधायचा हार्नेस पाहिजे, नऊ महिन्यांच्या पुढे हेल्मेट पाहिजे आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, हे २०२२ मध्ये काढलं आणि वर्षभराने लागू झालं. मी म्हणलं एवढ्या छोट्या डोक्याचं हेल्मेट मिळतं का तरी? मिळतं म्हणे. पण आपण बापजन्मात कुणाच्या पोराला घातलेलं पाहिलंय का? निम्मं कोथरूड पोरांना पुढे उभं करूनच शाळेत सोडतं, आम्ही पण त्यातलेच. पण एकदा वाचल्यावर मला काय बसवेना. गाडी लावून टाकली.

मग ठरलं मेट्रो. आणि स्ट्रोलर.

हा स्ट्रोलर गोट्या झाला तेव्हा घेतलेला, साडेसात हजारांचा, एका हाताने घडी होते असं व्हिडिओत दाखवतात. व्हिडिओत त्या बाईच्या दुसऱ्या हातात कॉफी असते, माझ्या दुसऱ्या हातात मनू असते. सासूबाई पहिल्यापासून त्याला बाबागाडी म्हणतात आणि त्यांचं ठाम मत की पोराला कडेवर घ्यायला काय झालं, आम्ही तीन पोरं कडेवर वाढवली. मी म्हणायचे, आई तुमच्या वेळेला गर्दी नव्हती. वर्षभर तो स्ट्रोलर सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरला होता, सात फेऱ्या इकडून, सात फेऱ्या तिकडून. आता त्याला शहर दाखवायचं होतं.

घरापासून वनाझ स्टेशन फार तर सहाशे मीटर. एकटी असले तर आठ मिनिटं. त्या दिवशी सव्वीस मिनिटं लागली, नवऱ्याने मोजली, त्याला असली मोजमापं करायची हौस आहे. फुटपाथ आहे की, चांगला रुंद आहे, ब्लॉक बसवलेत, पण त्यावर टूव्हीलर चढू नयेत म्हणून लोखंडी खांब ठोकलेत आणि त्या खांबांमधून टूव्हीलर आरामात जातात, स्ट्रोलर जात नाही. हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, एक माणूस हँडल तिरकं करून सुळकन निघून गेला आणि आम्ही दोन्ही चाकं उचलून, गोट्याला आडवा धरून, पलीकडे. पुढे विजेचा डीपी, त्याच्या बाजूने खाली उतरा, पुढे रसवंतीवाल्याच्या खुर्च्या, मग परत चढा. चढायला उतार कुठेच नाही, वीतभर उंच पायरी. मनू प्रत्येक पायरीवरून उडी मारणार आणि परत मागे जाऊन परत उडी मारणार. मी रिकामी चालते तेव्हा या पायऱ्या माझ्या पायांना कधी कळल्याच नव्हत्या.

पण स्टेशनात शिरल्यावर मात्र जग बदललं. लिफ्ट, एसी, सपाट जमीन, स्ट्रोलर लोण्यासारखा. तिथे तीन फुटांच्या आतल्या पोराला तिकीट लागत नाही, नव्वद सेंटिमीटर. गोट्या फुकट, मनू एकशे चार सेंटिमीटर आहे आणि ती हे सगळ्यांना सांगते, तिकीट माझं पण काढा, मी मोठी आहे. काढलं. ते तिकीट तिने गेटला स्वतः दाखवलं आणि ते दार उघडल्यावर तिचा चेहरा जो झाला ना, आम्ही आत जाऊन परत बाहेर येऊन तिला अजून एकदा दाखवू दे म्हणून रडारड. तसं होत नाही गं बाई. पाच मिनिटं गेली.

आम्हाला मंडईला जायचं होतं, तुळशीबागेत भाचीसाठी भातुकली घ्यायची होती. वनाझ ते सिव्हिल कोर्ट एक लाइन, तिथे बदलायचं, मग कसबा पेठ आणि मंडई. ही वनाझची लाइन मार्च २०२२ मध्ये गरवारेपर्यंत सुरू झाली तेव्हा लोक नुसती चक्कर मारायला जायचे, आम्हीही गेलो होतो, मनू तेव्हा तान्ही होती. स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तिकडे मात्र आम्ही गेलोच नव्हतो. गाडी होती ना.

डेक्कनच्या पुढे मेट्रो नदीच्या कडेकडेने जाते. मनू काचेला नाक लावून, ती बघ नदी, ती बघ म्हैस. सिव्हिल कोर्टला उतरलो तर तिथे खाली, खाली, अजून खाली, तेहतीस मीटर खोल आहे ते स्टेशन, दहा मजली बिल्डिंग उलटी गाडल्यासारखं. सरकत्या जिन्यांवर स्ट्रोलर चढवायचा नाही म्हणून लिफ्ट शोधली, लिफ्टमध्ये दोन आजी-आजोबा, एक सुटकेसवाला आणि आम्ही. आजींनी गोट्याला बघितलं, गोट्याने आजींच्या चष्म्याला हात घातला. मग खालची गाडी पकडली आणि नवऱ्याने मनूला सांगितलं, आता आपण नदीच्या खालून चाललोय, मघाशी पाहिली ना तीच मुठा. मनूने वर बघितलं, डब्याच्या छताकडे, बराच वेळ. मग म्हणाली, म्हैस पण वर आहे? आजूबाजूचे सगळे हसले पण मला तो प्रश्न एकदम करेक्ट वाटला. एकाच तिकिटात तीच नदी वरून पण आणि खालून पण, आणि आपण फोनमध्ये बघत बसतो.

मंडईला वर आलो आणि स्ट्रोलरचा खरा पेपर सुरू झाला. तुळशीबागेत कधी दिवाळीच्या दिवसांत गेलाय का? दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास आत घ्यावा लागतो. त्यात आम्ही चार चाकं घेऊन. दहा पावलांत पुढच्या चाकात कुणाच्यातरी ओढणीचं टोक अडकलं, ती पोरगी बिचारी सॉरी म्हणाली, चूक माझी होती. मग एका टाचेवरून चाक गेलं. मग बांगड्यांच्या स्टॉलच्या कापडात हँडल अडकलं आणि तो स्टॉलवाला इतक्या शांतपणे म्हणाला, ताई, पोराला घ्या कडेवर आणि गाडी इथं ठेवा, जाताना न्या. त्या आवाजात मला सासूबाईच ऐकू आल्या. गोट्या तसाही त्या गाडीत बसायला तयार नव्हता, धनुष्यासारखा ताठ झाला होता, पट्ट्यातून निम्मा बाहेर. घेतला कडेवर. गाडी मात्र ठेवली नाही कारण साडेसात हजार डोळ्यांसमोर आले. नवऱ्याने घडी करून खांद्यावर घेतली. एका हाताने घडी होत नाही हे पण सांगून ठेवते, दोन हात, एक गुडघा आणि थोड्या शिव्या लागतात.

भातुकली मात्र मस्त मिळाली, पितळेची, एवढ्याएवढ्याशा कळश्या, जातं, खलबत्ता. मनूला भाचीसाठी घेतलीये हे पटेना म्हणून दोन सेट घ्यावे लागले. परत येताना स्ट्रोलरमध्ये भातुकली, पणत्या, मंडईतून घेतलेला फ्लॉवर, दोन किलो सीताफळं आणि माझी पर्स. गोट्या नवऱ्याच्या खांद्यावर. काय सुरेख चालला तो स्ट्रोलर त्या दिवशी, विचारू नका.

दुसऱ्या वेळेला आम्ही शहाणे झालो होतो असं आम्हाला वाटलं. स्ट्रोलर घरी. एक सॅक, त्यात दोन डायपर, पंचा, कपड्यांचा जोड, मऊ भाताचा डबा, राजगिऱ्याचे लाडू, पाणी. मनूच्या मनगटावर पेनाने माझा फोन नंबर लिहिला, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं, गर्दीत जायच्या आधी लिहायचा आणि वर थोडं खोबरेल तेल लावायचं नाही, नाहीतर पुसतो, मी लावलं होतं. परत लिहिला. नवऱ्याने सुट्टी टाकली होती आणि आम्ही निघालो कात्रजच्या प्राणी संग्रहालयात, आधी स्वारगेटची बस आणि मग तिथून कात्रजची.

बसमध्ये पोरं घेऊन चढायची मला धास्ती होती. २०२५ मध्ये तिकीट वाढलं, पाचाचं कमीत कमी दहा झालं, पण गर्दी तेवढीच. स्वारगेटपासून कात्रजच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी गोट्याला कडेवर घेऊन एका हाताने दांडा धरला आणि ड्रायव्हरने गाडी हलवली आणि मी हलले, तेवढ्यात डावीकडच्या लेडीज सीटवरच्या एका बाईंनी काही न विचारता हात पुढे केले. द्या इकडं. म्हणजे माझ्याकडे बघितलं पण नाही, गोट्याकडेच बघत होत्या. दिला. हातात नऊवारीच्या पदराखाली कोथिंबिरीची पिशवी होती ती त्यांनी पायाशी ठेवली, गोट्याला मांडीवर घेतलं आणि शेजारणीशी चालू असलेलं बोलणं होतं तिथून पुढे चालू केलं, कुणाच्यातरी जावेबद्दल होतं. दोन स्टॉपनंतर त्या उतरायला उठल्या तर गोट्या शेजारणीच्या मांडीवर. मग ती उतरली तेव्हा तिच्या जागेवर बसलेल्या कॉलेजच्या पोरीकडे. ती जरा बावरली, तिने त्याला असा धरला जसा लॅपटॉप धरतात. गोट्या मजेत, आईकडे बघायला तयार नाही. मनूला कंडक्टरने पुढे ड्रायव्हरच्या मागच्या जागेजवळ उभं केलं, तिथून समोरची काच दिसते. मला शेवटपर्यंत बसायला जागा मिळाली नाही पण पोरांची दोघांची सोय झाली. म्हणलं हे कुठल्या व्हिडिओत दाखवत नाहीत.

स्वारगेट-कात्रज हा देशातला पहिला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, २००६ सालचा. बसस्टॉप रस्त्याच्या मधोमध. म्हणजे उतरल्यावर तुम्ही बेटावर आणि दोन्हीकडून गाड्या. मनूचं मनगट असं घट्ट धरलं की नंबर माझ्या तळव्यावर उमटला. चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा आहे म्हणून गाड्या थांबतील असं धरून चालायचं नाही, आधी एक हात पुढे करायचा, मग पाऊल, आणि शेजारी कुणी काकू क्रॉस करत असेल तर तिच्या पलीकडच्या बाजूला राहायचं. काकूला बघून थांबतात. आम्हाला बघून नाही थांबत.

गेटवर पोचलो तर गेट बंद. कुणीच नाही. वॉचमन काका खुर्चीवर.

बुधवारी बंद असतंय ताई.

बुधवार. पुण्यातल्या शाळेत शिकलेली मी, इयत्ता तिसरीची सहल इथेच आली होती, सर्पोद्यान तेव्हापासून आहे, वाघ-बिग पेशवे पार्कातून इकडे आणले ते १९९९ च्या सुमारास, बाबा सांगायचे, हे सगळं माहीत आहे आणि बुधवारी बंद असतं एवढं माहीत नाही. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने सुट्टी टाकली होती. मी त्याच्याकडे बघत होते कारण तू पण शोधू शकला असतास. वॉचमन काका दोघांकडे बघत होते, त्यांना हे रोजचंच असणार, म्हणजे दर बुधवारचं. मनूने विचारलं, वाघाला पण सुट्टी आहे? हो. मग तो कुठे गेलाय? आता काय सांगणार. नवरा म्हणाला, मामाकडे.

मग रिक्षा केली, सारसबागेला जाऊ, पोरांना काहीतरी दाखवायला पाहिजे ना. दोघांनी नाही म्हणलं, तिसरा थांबला. मीटर टाकला, पंचवीसवर सुरू, दीड किलोमीटरनंतर पुढे सतराने. काका वयस्कर, रिक्षात हनुमानाचा फोटो आणि प्लास्टिकची फुलं. आणि पद्मावतीच्या सिग्नलला गोट्याने कार्यक्रम केला.

वास आल्याबरोबर मनू ओरडली, गोट्याने केली. काकांनी आरशातून बघितलं. मी म्हणलं काका सॉरी, पाच मिनिटं कुठे बाजूला घेता का, आणि मनात म्हणलं आता हा उतरवणार. त्यांनी रिक्षा बंद दुकानाच्या शटरसमोर घेतली, मीटर चालू होता तो बंद केला, सीटखालून जुना पेपर काढला आणि म्हणाले, आधी हा टाका, मग पंचा टाका, सीटला लागलं तरी काय नाय, धुता येतं. मागच्या सीटवर पेपर, त्यावर पंचा, त्यावर गोट्या. मी गुडघ्यावर, म्हणजे अर्धी रिक्षात अर्धी रस्त्यावर, शेजारून पीएमटी हॉर्न मारत चाललीये, मनू नाक धरून कॉमेंट्री करतीये, नवरा पाण्याची बाटली तिरकी धरून उभा, पाणी माझ्या बाहीत. गोट्याला हनुमानाच्या फोटोजवळचं फूल पाहिजे होतं म्हणून तो वळायचा प्रयत्न करत होता आणि वळला असता तर सगळं संपलं होतं. काकांनी फूल काढून त्याच्या हातात दिलं. वळायचा थांबला. ऐंशी सेकंदांत नवीन डायपर. सहा वर्षं कॉर्पोरेटमध्ये काम केलंय पण असं टीमवर्क मी पाहिलं नाही.

मॉलमध्ये पोरांचे कपडे बदलायला खोली असते, रस्त्यावर कुठे असते सांगा. बस स्टँडला नाही, बागेत नाही, आणि बायकांचं स्वच्छतागृह सापडलं तर तिथे पोराला टेकवायला कोरडी जागा मिळेलच असं नाही. सगळ्या आया कुठे करत असतील हे? रिक्षातच करत असणार. आणखी एक, कारमध्ये चौदा वर्षांखालचं पोर बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, रिक्षात चाइल्ड सीट कुठे लावणार, तिथे माझा हातच बेल्ट. मी आत बसते, मनू मध्ये, नवरा उघड्या बाजूला आणि त्याचा पाय असा आडवा. हे आम्ही न बोलता ठरवलेलं आहे.

सारसबागेत तळ्यातला गणपती बघितला, मऊ भात खाल्ला, मनू गवतावर लोळली. सासूबाईंना संध्याकाळी सांगितलं तर त्यांचं वेगळंच, शेजारी फुलराणी होती, पोरांची छोटी रेल्वे, तिच्यात बसवायचं ना, १९५६ साली सुरू झाली, मी पाच वर्षांची होते, वडिलांनी रांगेत दोन तास उभं राहून बसवलं होतं. दोन तास? कडेवर घेऊन, त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

बाकीचे दिवस पटापट गेले. शनिवारवाडा झाला, तिथे दिल्ली दरवाज्याचे खिळे मनूने मोजायला घेतले आणि सत्तरनंतर परत एकवर आली. संभाजी उद्यान झालं. रोज एकच ठिकाण, दुपारी एकच्या आत घरी, हा नियम आम्ही तिसऱ्या दिवशी शिकलो, दोन ठिकाणं केली की दुसऱ्या ठिकाणी पोरं नाही आपण रडतो. आणि अंतर विचारायचं नाही, मध्ये किती रस्ते क्रॉस करायचेत ते विचारायचं. चार किलोमीटर मेट्रो काहीच नाही. स्टेशनपासून पुढचे तीनशे मीटर, तिथे सगळं होतं.

गाडी अकराव्या दिवशी आली, बिल बघून नवरा गप्पच बसला. आम्ही परत कात्रजला गेलो, शनिवारी, गाडीने, स्ट्रोलर डिकीत टाकून. आत एकशे तीस एकर, रुंद सपाट डांबरी रस्ते, झाडं, टूव्हीलर नाही, खांब नाही, स्ट्रोलरसाठी अख्ख्या पुण्यात याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. बाहेर काढला, उघडला, एका हाताने, दुसऱ्या हातात मनू. गोट्याने त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले, माझ्याकडे.

मग काय, तो कडेवर आणि स्ट्रोलरमध्ये मनू बसली, एकशे चार सेंटिमीटरची, गुडघे हनुवटीला लावून, वाघापासून अस्वलापर्यंत मी ढकलत नेली. घरी आल्यावर तो बाल्कनीत ठेवला. त्यात सध्या कांदे आहेत, सासूबाईंनी ठेवलेत, हवा लागते म्हणतात खालून.